क्रूझवर रात्री जेवायला काय घालायचं: नवा सूट शिवायला टाकण्याआधी वाचा

क्रूझ बुक झाली की घरात व्हिसाच्या खालोखाल कपड्यांचं टेन्शन सुरू होतं. कुणीतरी ओळखीचं सांगतं की तिथे कोट-टाय असल्याशिवाय जेवायला बसूच देत नाहीत, मग बाबांचा सूट घाईघाईत शिवायला टाकला जातो आणि आईसाठी गाऊन शोधले जातात, जो तिने आधी कधी घातला नाहीये आणि परत आल्यावरही घालणार नाही. प्लीज असं करू नका. आपल्या कपाटातली चांगली सिल्कची साडी, बंदगळा, कुर्ता आणि नेहरू जॅकेट हे क्रूझच्या सगळ्यात भारी रात्रीलाही अगदी मानाने चालतं. फक्त कुठल्या रात्री काय घालायचं आणि बोटीवर ते सांभाळायचं कसं हे आधी माहीत पाहिजे.

पहिलं काम म्हणजे तुमच्या क्रूझ कंपनीच्या साइटवर जाऊन ड्रेस कोड वाचायचा, कारण प्रत्येकीचं वेगळं असतं. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलिया घेतली असेल तर बिनधास्त जा, बहुतेक सगळे आपलेच लोक, कुणी जीन्स-शर्टात, कुणी अनारकलीत, एखादी नवी नवरी हिरवा चुडा घालून, सगळं चालतं. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनने जात असाल, जी आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा असते, तर तिथे बहुतेक रात्री कॅज्युअल किंवा स्मार्ट कॅज्युअल आणि एखादी रात्र फॉर्मल असते. तीन-चार रात्रींच्या ट्रिपला साधारण एक, सात रात्रींना दोन असा हिशोब धरा. नॉर्वेजियन कंपनीच्या बोटींवर सक्तीची फॉर्मल नाइट नसतेच. सेलिब्रिटी नावाच्या कंपनीने २०१५ च्या शेवटी फॉर्मल नाइट बंद करून त्याजागी ईव्हनिंग शिक नावाचा प्रकार आणला, म्हणजे छान तयार होऊन या पण टाय नसली तरी हरकत नाही.

खरी कडक शिस्त कुनार्डची. क्वीन मेरी २ साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला जाते तीच ही कंपनी, युकेत राहणारे आपले बरेच लोक आई-बाबांना हौसेने त्यावर नेतात. तिथे संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बऱ्याच भागात व्यवस्थित कपडे लागतात आणि गाला ईव्हनिंगला, म्हणजे त्यांच्या फॉर्मल रात्री, पुरुषांना टक्सिडो किंवा गडद सूट, बायकांना लांब गाऊन वगैरे. पण त्यांच्याच नियमात स्वतःच्या देशाचा पारंपरिक पोशाख चालेल असं म्हटलेलं आहे, स्कॉटिश लोक किल्ट घालून येतात तसं आपण बंदगळा किंवा शेरवानी घालायची. साडीबद्दल तर कुणाला विचारायचीही गरज नाही. गालाला कधीकधी थीम असते, ब्लॅक अँड व्हाइट किंवा मास्करेड म्हणजे मुखवट्यांची, आणि ब्लॅक अँड व्हाइटसाठी संक्रांतीला घेतलेली काळी चंद्रकळा घरात असेलच ना, ती काढा, मोत्याची तन्मणी आणि कुड्या घाला, यापेक्षा सुंदर काहीही विकत मिळणार नाही.

आता या शब्दांचा प्रत्यक्षात अर्थ काय. कॅज्युअल म्हणजे शर्ट किंवा कॉलरचा टीशर्ट आणि फुल पँट, बायकांना कुर्ती, पंजाबी ड्रेस, साधा वनपीस. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे इस्त्रीचा फुल शर्ट, बरी पँट, बूट, बायकांना कॉटन सिल्कची साडी किंवा थोडा ठेवणीतला ड्रेस. फॉर्मल म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनला आपण जसे जातो तसं, बास. पण मेन डायनिंग रूममध्ये रात्री बनियनसारखे बिनबाह्यांचे टीशर्ट, पोहण्याचे कपडे, टोपी, आंघोळीच्या रबरी स्लिपर हे घालून जाऊ नका, दारातच अडवू शकतात. बर्म्युडाचं कुठे चालतं कुठे नाही, म्हणून बाबांना आधीच सांगून ठेवा की रात्री फुल पँट.

आणि एखाद्या रात्री खरंच कंटाळा आला, दिवसभर बाहेर फिरून पाय दुखतायत, मुलं पेंगुळलीयत, तर बुफे असतो. तिथे फॉर्मल नाइटलाही साध्या कपड्यात जेवता येतं. त्यामुळे कपड्यांपायी कुणी उपाशी राहत नाही, ही भीती आजी-आजोबांच्या मनातून आधी काढून टाका.

पुरुषांचं सोपं आहे. एक काळा किंवा नेव्ही ब्लू बंदगळा, एक काळी पँट, दोन फुल शर्ट, एक नेहरू जॅकेट, एवढ्यात आख्खा आठवडा निघतो. जॅकेट शर्टावर घातलं की एक रात्र, कुर्त्यावर घातलं की दुसरी. काळे बूट विमानातच पायात घालून जा म्हणजे बॅगेत जागा वाचते. अलास्काला जाताना हे फार उपयोगी पडतं, सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघणाऱ्या क्रूझला मुलं आई-बाबांना नेतात तेव्हा अर्धी बॅग तर थर्मल आणि जाड जॅकेटांनीच भरलेली असते.

साडीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण याच्यावर कुणी नीट सांगत नाही. बोटीवर साडी नेसायला काहीच अडचण नाही पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे वारा. आत डायनिंग रूममध्ये वारा नसतो, पण जेवण झालं की सगळ्यांना डेकवर फोटो काढायचे असतात आणि ते दार उघडलं की असा झोत येतो की मोकळा पदर थेट तोंडावर. म्हणून पदर मोकळा सोडू नका, बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन लावा आणि पदराचं खालचं टोक कमरेपाशी आणखी एका पिनेने अडकवा. निऱ्यांना आतून एक मोठी पिन लावा. दुसरं म्हणजे डेकच्या दारांना खाली उंच लोखंडी उंबरा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून, त्यात काठ अडकतो, तेव्हा साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसा आणि दार ओलांडताना निऱ्या हातात धरा. तिसरं चपला. बोट हलते, एरवी जाणवत नाही पण समुद्र जरा खवळला की उंच टोकदार टाचांवर चालणं अवघड होतं, ब्लॉक हील किंवा सपाट जरीच्या चपला बऱ्या. कोल्हापुरी साडीवर छान दिसते, पण ओल्या डेकवर लेदरचा तळ घसरतो, ती आतच घाला.

पैठणी न्यायची का? माझं मत विचाराल तर भारी, आजीकडून आलेली पैठणी नेऊ नका. खारा दमट वारा जरीला चांगला नाही आणि तिथे कुणाच्या हातातला वाइनचा ग्लास कधी हिंदकळेल सांगता येत नाही. त्यापेक्षा हलकी सेमी पैठणी, महेश्वरी, चंदेरी किंवा नारायणपेठ न्या, घडी लहान होते, चुरगळतही कमी आणि फोटोत तेवढीच खुलते. फॉर्मल नाइटला बोटीचे फोटोग्राफर जागोजागी पडदे लावून उभे असतात, फोटो काढून घ्यायला पैसे लागत नाहीत, प्रिंट घेतली तरच द्यायचे, तेव्हा नटून गेलाच आहात तर उभं राहा. दागिने मात्र मोती किंवा एक ग्रॅमचे, खरं सोनं न्यायचंच असेल तर केबिनमध्ये छोटी तिजोरी असते त्यात ठेवा.

एमएससीसारख्या काही कंपन्यांवर व्हाइट पार्टी असते. पुरुषांना पांढरा कुर्ता-पायजमा, प्रश्नच मिटला. घरातल्या मोठ्या बायकांना पूर्ण पांढरी साडी नको वाटते, त्यांना आग्रह करू नका, जरीकाठाची क्रीम साडी त्या गर्दीत फार सुरेख दिसते आणि कुणाचं मनही दुखत नाही.

इस्त्री घरून नेऊ नका. आगीच्या भीतीने इस्त्री आणि स्टीमर चढवू देत नाहीत, बॅग तपासताना सापडली की काढून ठेवतात. काही बोटींवर लॉन्ड्री रूममध्ये इस्त्री ठेवलेली असते, रॉयल कॅरिबियनवर तशी सोय नाही, पैसे देऊन करून घ्यावी लागते. म्हणून साड्या इस्त्री करून सपाट घडीत प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि केबिनमध्ये गेल्या गेल्या हँगरला लावा. शर्ट चुरगळला असेल तर गरम पाण्याचा शॉवर सोडून बाथरूममध्ये थोडा वेळ टांगा, बऱ्यापैकी सरळ होतो. आणखी एक, केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, चुंबकाचे हुक नेले तर ओढण्या, स्टोल, उद्याचा ड्रेस सगळं भिंतीला लटकवता येतं, कपाट फार लहान असतं.

शाल किंवा स्टोल प्रत्येकाची हवीच. डायनिंग रूम आणि जेवणानंतरचं थिएटर, दोन्हीकडे एसी भयंकर असतो, बाहेर सिंगापूरचा उकाडा असला तरी आत आजी कुडकुडतात.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या केबिनपाशी यायला संध्याकाळ होते, कधी जेवणाची वेळ उलटून जाते. लवकरचं सीटिंग असेल तर जेवण साडेपाच-सहालाच सुरू होतं, तेव्हा पहिल्या रात्रीचा जोड आणि औषधं खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. पहिली रात्र बहुतेक ठिकाणी कॅज्युअलच असते. फॉर्मल बहुतेक त्या दिवशी असते ज्या दिवशी बोट कुठल्या बंदराला लागत नाही, नक्की कुठली ते अ‍ॅपमध्ये किंवा केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं, सकाळीच बघून घ्या.

शेवटच्या रात्री उलटं होतं. मोठ्या बॅगा रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या एकदम खाली उतरल्यावर मिळतात. त्यामुळे जेवून आलात की कपडे बदलून बॅगेत टाका, पण आधी सकाळचा संपूर्ण जोड, चपलांसकट, पलंगावर काढून ठेवा आणि मगच चेन लावा.