उजनीच्या काठावर फोटो काढायला जाण्याआधी

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला जायचं ठरलं की हात आधी मोठ्या लेन्सकडे जातो. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी ती घ्याच. पण हवामान बदलल्याने पाणथळीचं काय होतंय हे दाखवायचं असेल, तर बॅगेत २४ किंवा ३५ मिमीची साधी लेन्सही हवी, कारण बदल दिसतो तो पाण्याच्या कडेला. पाऊस लांबला की उजनीचा फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेलं पाणी, थंडीतही उतरत नाही, चिखलाची उथळ पट्टी उघडी पडत नाही आणि रोहितांचं येणं लांबतं. २०२३ सारखा पावसाने दगा दिला की उलट होतं. पुढच्या उन्हाळ्यात पळसदेवचं पळसनाथाचं बुडालेलं मंदिर वर येतं.

म्हणून निघण्याआधी गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघून काठावरच्या दोन-तीन जागा पक्क्या करा, जिथे दरवर्षी त्याच महिन्यात परत उभं राहता येईल. चौकटीत न हलणारी खूण असावी. पळसनाथाचं शिखर दिसत असेल तर त्याहून चांगली मोजपट्टी नाही, त्याचे किती थर पाण्याबाहेर आहेत ते सरळ मोजता येतात. जागेचं जीपीएस, ट्रायपॉडची उंची, कॅमेऱ्याची दिशा आणि वेळ वहीत लिहा. पहिला फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पुढच्या खेपेला तो बघून चौकट जुळवता येते. पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) लावायचा तर दर वेळी लावा, नाहीतर घरीच ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचं, त्या दिवशीचा धरणाचा साठा टिपून घ्या, वजा टक्क्यांत, म्हणजे वापराच्या साठ्याच्याही खाली गेलेला असला तरी. कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणं, चालू आहे का, तेही विचारा. उजनीचं पाणी पावसाअभावी घटतं तसं ते सोडल्यानेही घटतं. एवढी नोंद नसताना भेगाळलेल्या गाळाच्या फोटोखाली 'हवामानबदल' लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. एका वर्षाचा फोटो फक्त त्या वर्षाचा असतो.

कुंभारगावच्या नावाड्याला आदल्या दिवशीच फोन करा आणि थव्यात होडी घालायची नाही, हे तेव्हाच सांगा. मासे कुठे सरकले, पाणी कधी हिरवं पडलं, हे त्यांना विचारण्यासाठी तासभर राखून ठेवा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बाकी जादा बॅटरी, कार्ड, टोपी, पाणी, चिखलात चालतील अशा चपला आणि लाइफ जॅकेट. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि तारीख मात्र घरीच तपासून निघा.