बालसंगोपनातल्या पोराशी बोलताना

जळगावच्या यावल-रावेर पट्ट्यात बालसंगोपन योजनेच्या (आई-बापाचा आधार तुटलेल्या पोरांसाठीची सरकारी मदत) गृहभेटी करते, त्या अनुभवावरून सांगते.

गेल्या गेल्या फाईल उघडू नका. पोरगं आजीकडे राहतं, बाप गेलेला, आई केळीच्या बागेत मजुरीला. आजी लगेच त्याच्यादेखत सुरू होते, "हा रातभर अंथरूण ओलं करस!" तिथेच तिला थांबवायचं. तिचं सगळं ऐकायचं, पण नंतर, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला.

पोराशी समोरासमोर बसून बोलू नका. शेजारी बसा, हातात भुईमुगाच्या शेंगा घ्या. सोलता सोलता पोरं बोलतात. "तुला काय वाटतं?" याला उत्तर येत नाही. झोप कधी लागते, डबा कुणाबरोबर खातोस, हे विचारा. अहिराणीत विचारलंत तर उत्तमच. बापाचा विषय त्यानेच काढू द्या. गप्प बसला तर बसू द्या, शेंगा भरपूर असतात.

झोप उडालीय, जेवण तुटलंय, शाळा सुटलीय आणि हे दोन आठवडे चाललंय, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. आधी भगताकडे जायचंय म्हणाले तर मी भांडत नाही; फक्त दवाखान्याची तारीख पक्की करून उठते.

मरायचं बोलला तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा, लगेच दवाखाना गाठा. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. घरात मारहाण असेल तर १०९८, ही पोरांसाठीची हेल्पलाइन.