युरोपातील मोफत अभ्यासक्रम आणि श्रेयांकाचा रिकामा रकाना

मे 2020 ते मार्च 2021 या काळात मी युरोपातील विद्यापीठांचे अकरा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केले. जर्मनीतील पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात त्यांपैकी एकही धरला गेला नाही. त्यात माझे एक संपूर्ण वर्ष गेले. त्या वर्षाची सल अजून पूर्णपणे गेलेली नाही, आणि ज्या गैरसमजापायी ते गेले तोच गैरसमज मला नव्याने तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यात आजही ऐकू येतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गैरसमजाचे मूळ आमच्या घरातच होते. माझे बाबा एस.टी.मध्ये वाहक होते. नोकरी सांभाळून त्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचे, उरलेल्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर वाचायचे, असा त्यांचा क्रम होता. ती पदवी पुढे सगळीकडे चालली, कुणी त्यांना एक प्रश्न विचारला नाही. त्यामुळे ‘मुक्त’ या शब्दावर माझा पूर्ण विश्वास होता. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना 1969 ची, इग्नूची 1985 ची आणि नाशिकच्या विद्यापीठाची 1989 ची. ही सगळी एकाच विचारातून उभी राहिलेली विद्यापीठे आहेत, हे मला ठाऊक होते. मात्र या विद्यापीठांत ‘मुक्त’ असतो तो प्रवेश. शिकणाऱ्याची नोंदणी होते, त्याची परीक्षा होते, निकाल लागतो आणि तो विद्यापीठाच्या दप्तरात कायमचा राहतो. संकेतस्थळांवरच्या मोफत अभ्यासक्रमांत ‘मुक्त’ असते ते अभ्याससाहित्य. ते कुणीही वाचावे, पाहावे, पण त्यातून तुमची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात जाईलच असे नाही. हा भेद मला कुणी सांगितला नाही आणि मीही शोधला नाही.

माझी पदवी मेकॅनिकलची. 2019 मध्ये पदवी घेऊन मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागले आणि टाळेबंदीत घरी बसल्यावर संगणकशास्त्राकडे वळायचे ठरवले. एका सल्लागाराने फोनवर सांगितले, की युरोपातील विद्यापीठांची प्रमाणपत्रे जोडली म्हणजे अर्ज भक्कम होतो. मी ते प्रमाण मानले आणि दर महिन्याला एक याप्रमाणे अभ्यासक्रम संपवत गेले.

अर्ज भरण्याची रात्र मला आजही जशीच्या तशी आठवते. विद्यापीठाने एक तक्ता भरून मागितला होता. एका बाजूला त्यांचे अपेक्षित विषय होते आणि त्यांच्यासमोर आपण शिकलेला विषय, गुणपत्रिकेतील त्याचे नाव, श्रेयांक (क्रेडिट) आणि श्रेणी लिहायची होती. गणिताच्या ओळी झरझर भरल्या, कारण एम-वन ते एम-थ्री गुणपत्रिकेत होतेच. संगणकशास्त्रासाठी किमान बारा श्रेयांक हवे होते. त्या ओळींत मी पहिल्या वर्षाचा सी प्रोग्रॅमिंगचा पेपर लिहिला आणि त्याखाली माझे अकरा अभ्यासक्रम लिहिले. श्रेयांकाच्या रकान्यात काय लिहायचे, हे एकाही प्रमाणपत्रावर छापलेले नव्हते. शेवटी मी त्या रकान्यात ‘सहा आठवडे’, ‘पाच आठवडे’ असे लिहीत गेले. तेव्हाच मनात शंका यायला हवी होती.

जूनमध्ये नकार आला. कारण एका वाक्यात दिले होते: संगणकशास्त्रातील श्रेयांक अपुरे. अकरा प्रमाणपत्रांचा उल्लेखसुद्धा त्यात नव्हता.

आता श्रेयांकाविषयी, आणि हा भाग कृपया घाईने वाचू नका. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला क्रेडिट म्हणतो, त्याचे युरोपातील माप म्हणजे ईसीटीएस. पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष म्हणजे साठ ईसीटीएस, आणि एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण पंचवीस ते तीस तासांचे काम. त्यात व्याख्यान, वाचन, स्वाध्याय आणि परीक्षेची तयारी हे सगळे आले. आपल्याकडे श्रेयांक मुख्यतः वर्गातील तासांवर मोजला जातो, त्यामुळे हे दोन आकडे सारखे नसतात. चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीला एआयसीटीई या देशातील तंत्रशिक्षणाच्या परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात 160 श्रेयांक आहेत, तर युरोपच्या हिशेबात चार वर्षांचे 240 होतात. म्हणजे ढोबळमानाने दीडपट, पण अंतिम गणित प्रवेश देणारे विद्यापीठच करते. आता हाच हिशेब मोफत अभ्यासक्रमाला लावून पाहा. सहा आठवडे, आठवड्याला चार तास, म्हणजे चोवीस तास. एवढे सगळे करून एक श्रेयांकही पुरता भरत नाही! माझे अकराच्या अकरा अभ्यासक्रम कुणी उदारपणे धरले असते, तरी हाती फार तर दहाएक श्रेयांक आले असते. हे गणित मी मे महिन्यातच कागदावर मांडले असते, तर त्या अकरा महिन्यांत मी वेगळा मार्ग धरला असता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. श्रेयांक तासांनी आपोआप निर्माण होत नाही. ‘ही व्यक्ती हीच आहे, तिने ही परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली’ असे विद्यापीठ स्वतःच्या नोंदवहीत लिहिते, तेव्हा तो निर्माण होतो. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र एवढेच सांगते, की या नावाच्या खात्यावरून इतका भाग पाहिला गेला. पॉट्सडामच्या हासो प्लाटनर संस्थेचे ओपनएचपीआय हे मोफत अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ 2012 पासून सुरू आहे आणि मला ते फार आवडते. तिथे निम्मे साहित्य पाहिले तर सहभागाचा दाखला मिळतो आणि निम्मे गुण मिळवले तर कामगिरीचा दाखला मिळतो. दोन्ही दाखले प्रामाणिक आहेत, फक्त त्यांना पदवीच्या गुणपत्रिकेचे वजन आहे असे मानण्याची चूक आपण करतो.

म्हणून नोंदणीपूर्वी अभ्यासक्रमाच्या पानावर ईसीटीएसचा आकडा आहे का, शेवटी श्रेणी असलेली परीक्षा आहे का, परीक्षेत ओळख तपासली जाते का आणि श्रेयांक कोणत्या विद्यापीठाच्या नोंदवहीत चढतो, हे शोधा. युरोपीय संघाच्या परिषदेने जून 2022 मध्ये लहान अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांविषयी शिफारस केली, तीत प्रमाणपत्रावर कामाचे तास, शक्य तिथे ईसीटीएस, मूल्यमापनाचा प्रकार आणि देणाऱ्या संस्थेचे नाव असावे असे म्हटले आहे. या गोष्टी पानावर सापडल्या नाहीत, तर तो अभ्यासक्रम ज्ञानासाठी जरूर करा, पण प्रवेशाच्या भरवशावर करू नका. याबाबत मी कुणाचीही भीड ठेवणार नाही.

मला वाट सापडली ती हेलसिंकी विद्यापीठात. त्यांचा ‘फुल स्टॅक ओपन’ हा वेब प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम मोफत आहे, त्यातील स्वाध्याय खरोखर कस पाहणारे आहेत, आणि मी तो केला तेव्हा परीक्षा देऊन त्याच विद्यापीठाच्या मुक्त विभागामार्फत ईसीटीएस श्रेयांकही विनाशुल्क मिळत होते. त्या वेळच्या रचनेत मुख्य भागाला किती स्वाध्याय सोडवले त्यानुसार पाच ते सात श्रेयांक होते आणि पुढच्या छोट्या भागांना वेगळे होते. मी मुख्य भागाचे सात, ग्राफक्यूएलचा एक आणि टाइपस्क्रिप्टचा एक, असे नऊ मिळवले. नोकरी सांभाळून त्याला सात महिने लागले. रात्री नऊला बसायचे आणि डोळे मिटू लागेपर्यंत लिहायचे. एका स्वाध्यायात मी चार दिवस अडकले होते आणि शेवटी चूक एका स्वल्पविरामाची निघाली. शेवटी विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रिका आली, तेव्हा तिच्यावरील श्रेयांकाचा आकडा मी आईला बोट ठेवून दाखवला.

इथेही सावध राहा. फिनलंडमधील अभ्यासक्रम मोफत असले, तरी तिथला ओळख क्रमांक नसलेल्यांना श्रेयांक मिळतील की नाही, हे अभ्यासक्रमागणिक वेगळे असते आणि नियम वर्षागणिक बदलतात. 2018 मध्ये आलेला ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा तिथलाच कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम जगभरातील कुणीही करू शकतो, पण करू शकणे आणि श्रेयांक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या वर्षीचा नियम तुमच्या वर्षी असेल असे गृहीत धरू नका. पहिला स्वाध्याय सोडवण्याआधी श्रेयांकाचे पान वाचा.

हेलसिंकीचा अभ्यासक्रम सुरू करण्याआधी या वेळी मी तीन विद्यापीठांना ईमेल केला. अभ्यासक्रमाचे नाव, श्रेयांक, देणारे विद्यापीठ आणि एकच प्रश्न: अधिकृत गुणपत्रिकेवर हे श्रेयांक असतील, तर ते तुमच्या संगणकशास्त्राच्या अटीत धरले जातील का? एकाने स्पष्ट नाही म्हटले, एकाने समिती ठरवेल असे कळवले आणि तिसऱ्याने धरू असे लिहिले. मी त्या तिसऱ्या ठिकाणी अर्ज केला, तो ईमेल अर्जासोबत जोडला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये तिथे रुजू झाले. सी प्रोग्रॅमिंगचे त्यांनी चार धरले, त्यात हे नऊ मिळवून तेरा. अट बाराची होती.

सल्लागारांविषयी माझे मत कडवट आहे आणि ते मी लपवत नाही. ज्याची मिळकत अर्जांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्याला तुमच्या तक्त्यातील रिकामा रकाना दिसत नाही. तुमच्याहून एक-दोन वर्षे पुढे असलेली, त्याच विद्यापीठात त्याच विषयाला असलेली व्यक्ती शोधा. दहा वर्षांपूर्वी गेलेले दादा-ताई मनापासून बोलतात, पण त्यांच्या वेळचे नियम सांगतात. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, नोव्हेंबर 2022 पासून बंधनकारक झाले. मी त्याच्या एक महिना आधी पोहोचले होते, त्यामुळे या एका बाबतीत माझाही अनुभव तुमच्या कामाचा नाही.

आडवाटांविषयीही तेवढेच ठाम मत आहे. दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहणे आणि तयार उत्तरे चिकटवणे यांनी प्रमाणपत्र मिळते, परीक्षा मात्र निघत नाही. मी दोनशे पानी वहीत हाताने टिपणे काढली आणि आजही कुणाला याहून वेगळे सांगणार नाही.

‘मोफत’ या शब्दाची मुदतही तपासा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाने मोफत प्रमाणपत्रे 2015 च्या अखेरीस बंद केली. तिथे आता फुकट शिकता येते ते ठरावीक आठवडे, नंतर साहित्य बंद होते. फ्यूचरलर्न या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावरही मोफत प्रवेशाला मुदत असते. माझा एक अभ्यासक्रम असाच चौथ्या आठवड्यात बंद झाला आणि टिपणे काढलेली नव्हती.

ज्यांना पदवीशी जोडायचे नाही, फक्त शिकायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र युरोपात खरी श्रीमंती आहे. ओपन युनिव्हर्सिटीने 2006 मध्ये सुरू केलेले ओपनलर्न हे संकेतस्थळ मुदतीशिवाय खुले आहे, आणि तिथला बराचसा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन, अव्यावसायिक कामासाठी तो पुढे वापरता येतो. शिक्षकांनी हे अवश्य पाहावे. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाचे खुले अभ्याससाहित्य 2007 पासून आहे. त्यात व्याख्यानांबरोबर जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळतात, आणि जुनी प्रश्नपत्रिका किती मोलाची असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. फ्रेंच येत असेल तर फ्रान्स सरकारच्या पुढाकाराने 2013 मध्ये उभे राहिलेले फन-मूक हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ पाहा.

तुमच्याकडेही अशी प्रमाणपत्रे साठली असतील, तर निराश होऊ नका. ती तक्त्यातून काढा, परिचयपत्रात (सीव्हीत) दोन ओळींत लिहा आणि वह्या जपून ठेवा. इथल्या पहिल्या सत्रात यंत्र-अध्ययनाचा (मशीन लर्निंगचा) पेपर होता. वर्गातील बहुतेकांची पदवी संगणकशास्त्राची होती, मला पहिले दोन आठवडे काहीच उमगत नव्हते. मग मी घरून आणलेली निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. त्या अकरा अभ्यासक्रमांपैकी तिसऱ्याची टिपणे तिच्यात होती, आणि सरांनी फळ्यावर सोडवलेले उदाहरण मी 2020 च्या जुलैमध्ये पेन्सिलीने सोडवून ठेवलेले सापडले.