दगडातल्या पंखावरून कीटकाची नवी जात कशी ओळखावी

बेळगाव जिल्ह्यात कीटकाचा जीवाश्म शोधायचा, तर कुठे शोधायचं नाही ते आधी ठरवा. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो, तो पृथ्वीवर कीटकांचं नावनिशाण नव्हतं तेव्हाचा. खानापूरकडच्या जांभ्यात मूळ खडकाचीच ओळख पुसली गेली आहे, तिथे पंख कुठून उरणार? निपाणी-चिक्कोडीचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातही काही मिळत नाही.

पण दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यात गाळ बसला आणि पुढच्या लाव्हाने तो झाकला गेला. लाव्हाच्या या काळ्या थरांना ट्रॅप म्हणतात, म्हणून मधला गाळ म्हणजे आंतर-ट्रॅप थर. गोकाकच्या आसपास अशा थरांत गोड्या पाण्यातल्या जीवांचे अवशेष मिळाले आहेत. विहीर खोदताना किंवा रस्त्यासाठी टेकडी कापताना काळ्या दगडांच्या मधोमध फिकट, पापुद्रे सुटणारा पट्टा दिसला, तर तिथे थांबा. नागपूरजवळच्या अशाच थरांतून स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या पाद्र्यांनी जीवाश्म गोळा केले होते. त्यांतल्या भुंगेऱ्यांच्या पंखकवचांचं वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० साली छापलं. म्हणजे ट्रॅपच्या मुलखात कीटक मिळतात, हे जुनंच ठाऊक आहे.

सापडल्यावर पहिली दहा मिनिटं

जमीनमालकाला विचारल्याशिवाय काही उचलू नका. पापुद्रा फुटला की ठसा दोन्ही बाजूंना उमटलेला असतो. दोन्ही तुकडे घ्या आणि वेगवेगळ्या कागदात गुंडाळा. जागा, थर वरून कितवा, तारीख हे सगळं तिथेच लिहा. सुईने कोरू नका, फेविकॉल किंवा वॉर्निश तर मुळीच लावू नका. कुठल्या थरातला हेच माहीत नसेल, तर सुंदर पंखही शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

पंखच आहे ना?

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो, आणि तो लवकर झालेला बरा. भेगांच्या पृष्ठभागावर मँगनीजची काळी झाडासारखी नक्षी उमटते; तिला जाडी नसते, कडा नसते. पानात मधोमध एक मुख्य शीर असते आणि दोन्हीकडे फांद्या फुटतात. पंखाच्या शिरा मात्र एका टोकाकडून, म्हणजे शरीराला जोडलेल्या बाजूने, निघतात आणि पुढच्या कडेशी दाटून येतात. मागची बाजू पातळ, पसरट असते. दोन लांब शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरा दिसल्या, तर आशा धरायला हरकत नाही.

नुसता पंखच मिळाला म्हणून खट्टू होऊ नका. पक्षी आणि मासे धड खातात, पंख टाकून देतात. शिवाय पंख कुजायला चिवट. जगभरातल्या कितीतरी लुप्त जाती केवळ एका पंखावरून ओळखल्या गेल्या आहेत.

उजेड आणि चित्र

मोबाईलची टॉर्च दगडाच्या जवळजवळ समांतर धरा, डावीकडून वरच्या बाजूने. खालून उजेड पडला तर डोळा फसतो आणि उंचवटा खळग्यासारखा दिसतो. खडक कठीण असेल तर थोडं अल्कोहोल लावल्यावर शिरा उठून दिसतात. मातकट दगड मात्र विरघळून हातात येईल, म्हणून आधी कोपऱ्यावर करून बघा. फोटोत मोजपट्टी हवीच. मग भिंगातून बघत चित्र काढा. फोटो सगळंच दाखवतो. चित्र काढताना मात्र कुठली शीर खरी आणि कुठली भेग, हे तुम्हाला ठरवावंच लागतं.

शिरा वाचणं

खरं काम हेच. पंख सपाट नसतो, घडीच्या कागदी पंख्यासारखी त्याला चुण्या असतात. एक शीर डोंगरावर, पुढची दरीत. पुढच्या कडेची कॉस्टा नावाची शीर उंच, तिच्यामागची सबकॉस्टा खोल, रेडियसची पुढची शाखा पुन्हा उंच, मागची खोल. मग मीडिया आणि क्युबिटस या दोघींच्याही पुढच्या शाखा उंच, मागच्या खोल. शेवटी, मागच्या बाजूला, अ‍ॅनल शिरा. या शिरांची सर्व कीटकांना लागू पडणारी नावं कॉमस्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये रूढ केली. थोड्याफार फरकाने ती आजही चालतात.

मेख अशी की ठसा म्हणजे साचा, त्यात सगळं उलटं. म्हणून आधी सबकॉस्टा शोधा. ती उंच दिसत असेल तर तुमच्या हातात उलटी बाजू आहे, आणि डोंगर-दऱ्यांची सगळी खूण फिरवून वाचावी लागेल. हे न तपासता केलेली ओळख मी तरी मानणार नाही.

सरावाला दगड लागत नाही. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली वाळवीच्या पंखांचा सडा पडतो, ते गोळा करा. चुण्या पाहायला चतुराचा पंख उत्तम. खानापूरच्या भातशेतीत बांधावर मेलेला चतुर मिळतोच, जिवंत धरायची गरज नाही.

कुळ, मग जात

पुढच्या कडेच्या मध्याजवळ सांधा आणि टोकाकडे गडद ठिपका: चतुर किंवा त्याची सडपातळ भावंडं असलेल्या टाचण्यांचा गट. बुडाशी कमानीसारख्या रेघेने वेगळा झालेला भाग: झुरळाकडे बघा. शिराच नाहीत, फक्त समांतर खाचा आणि टिंबं: भुंगेऱ्याचं कवच.

‘नवी’ म्हणायची घाई नको. त्या गटातल्या, आसपासच्या काळातल्या ज्ञात जातींची वर्णनं एकेक करून ताडून बघावी लागतात. पुढचा पंख मागच्याशी ताडला जात नाही ना, हे पाहा. दगड दबून पंख लांबट झाला असेल, तर लांबी-रुंदीचं गुणोत्तर खोटं बोलतं. एकाच जातीतल्या दोन कीटकांच्या आडव्या शिरांची संख्याही कमी-जास्त असते. म्हणून नुसत्या आकारावर किंवा एका जादा शिरेवर नवी जात उभी करू नये; शिरा कुठे फुटतात, कुठे जुळतात, असे दोन-तीन पक्के फरक हवेत. इथे एकट्याने पुढे न जाता तज्ज्ञ गाठा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत जीवाश्मांवर काम चालतं. आधी मोजपट्टीसह फोटो पाठवा, दगड नंतर.

नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीसाठी मूळ प्रकार-नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलं जातं तो नमुना, स्पष्टपणे नेमावाच लागतो. तो घरच्या शोकेसमध्ये ठेवू नका; संग्रहालयात क्रमांकासह जमा करा, म्हणजे इतरांना तो तपासता येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर नाव जाहीर केल्याने ते ग्राह्य धरलं जात नाही. फक्त ऑनलाइन निघणारा निबंध झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवावा लागतो, हा नियम २०१२ पासूनचा. आणि त्याच जातीला आधी कुणी रीतसर नाव दिल्याचं पुढे उघड झालं, तर सहसा जुनं नाव टिकतं आणि तुमचं समानार्थी नावांच्या यादीत जातं.