नर्मदा परिक्रमेची तयारी: आधी थांबण्याचे दिवस मोजा

सॅक भरायच्या आधी कॅलेंडर काढा. ओंकारेश्वराहून निघायचे, मैया सतत उजव्या हाताला ठेवायची, समुद्र आणि अमरकंटक करून परत यायचे. अंतर साधारण २,६०० किलोमीटर. रोजचे २० धरले की १३० दिवस. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो आणि पाय पंधराव्या दिवशी संपतात. आठवड्या-दहा दिवसांमागे एक दिवस नुसता बसून काढायचा धरा, म्हणजे पंधरा-सोळा दिवस वाढले. नावेसाठी आणखी दोन ठेवा. समुद्राच्या मुखाशी विमलेश्वर-कठपोरकडून पलीकडच्या तटावर नेणारी नाव भरतीवर सुटते, तुमच्या रजेवर नाही. कार्तिकी एकादशीनंतर निघालात तर चैत्र उजाडतो. घरी आणि ऑफिसात पाच महिनेच सांगा, चार सांगू नका.

आता पाय. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, कारण पाय सुजतात, आणि ते आधी किमान दीडशे किलोमीटर वापरलेले असू द्या. जुन्या नियमाप्रमाणे परिक्रमेत केस-नखे कापत नाहीत. तो पाळणार असाल तर संकल्पाच्या आदल्या दिवशी पायाची नखे अगदी बारीक करा. उतारावर लांब नख बुटाला घासून काळे पडते. (माझे दोन्ही अंगठे साक्षीला आहेत.) खोबरेल तेल, मोज्यांचे तीन जोड, चिकटपट्टी, सुईदोरा हे सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

बाकी सामान सात किलोंच्या आत. कपड्यांचे दोन जोड, पातळ स्लीपिंग बॅग, मच्छरदाणी, ताट-पेला, विजेरी, पॉवर बँक, आधार कार्ड. एक हलके पातेले आणि काडेपेटी हवीच, कारण कुठे तयार भोजनप्रसादी मिळते, तर कुठे सदाव्रत म्हणून कोरडा शिधा हातात येतो आणि चूल तुम्हाला पेटवायची असते. गरम कपडे जड वाटले तरी टाकू नका. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, माघातही पहाट बोचते. नेहमीची औषधे मात्र महिनाभराचीच घ्या, सोबत चिठ्ठी ठेवा. बडवानी, नर्मदापुरम, जबलपूरला दुकाने आहेत.

रोजचा दिवस सोपा असतो: पहाटे उठणे, पूजा, चहा, ऊन चढेपर्यंत चालणे, दुपारी सावली, दिवेलागणीच्या आत आसन, म्हणजे मुक्कामाची पथारी. शेवटच्या महिन्यात दुपारची सावली चार तासांची होते. एरवी सायंकाळी उगाच पाच किलोमीटर ओढण्याचा मोह टाळा.

थांबण्याच्या दिवसाची जागा आधीच हेरून ठेवा. मोठे तीर्थ म्हणून तिथे थांबू नका. घाट, मंदिरे, बाजार फिरण्यात उलट पंधरा किलोमीटर होतात. हातपंप, झाड आणि जवळ चांभार एवढे पुरे. गरुडेश्वराचा अपवाद: टेंबे स्वामींच्या समाधीपाशी मराठी माणूस थांबतोच, तर तो दिवस तिथेच धरावा. आश्रमात दुसरी रात्र राहायची असेल तर संध्याकाळीच महाराजांना विचारा, आणि सकाळी न सांगता झाडू हातात घ्या किंवा भाजी चिरायला बसा. तेवढे काम झाले की आडवे व्हा.

थांबण्याच्या दिवसाची कामे: अंथरूण उन्हात, बुटांचे तळ तपासणे, सॅकचे बंद शिवणे, कपडे हातपंपावर धुणे. मैयेत साबण लावत नाहीत. घरी फोन दुपारी करा, रात्री केला की घरचे आवाजावरून दमणूक ओळखतात. मग मोजे काढून पाय उंच ठेवा. कुणी वाटसरू ‘नर्मदे हर’ म्हणत पुढे गेला, तरी सॅकला हात लावू नका.