पहाटेचं दूध कालच्या तारखेला

नोकरीत एकट्याने केलेलं माझं पहिलं काम म्हणजे दूध संकलनाचा रोजचा रिपोर्ट. किरकोळ वाटलं. प्रत्येक नोंदीची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत साठवलेली होती. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याने भागून उरलेली बाकी वजा केली, की दिवसाची सुरुवात हाती येते. एका ओळीत काम उरकून मी चहाला गेलो.

चार दिवसांनी केंद्रावरच्या काकांचा फोन. "अहो, पहाटेचं दूध कालच्या तारखेला कसं काय जातंय?" गंमत म्हणजे सगळं जात नव्हतं. साडेपाचच्या आत मापलेलंच तेवढं जात होतं.

साडेपाच ऐकताच ट्यूब पेटायला हवी होती. मला दोन दिवस लागले. शेवटी कागद घेऊन बसलो. १ जानेवारी २०२४, पहाटे पावणेपाचची नोंद : १७०४०६४५००. बाकी ८३,७००. ती वजा केली तर येतात ३१ डिसेंबरचे सकाळचे साडेपाच! सेकंद मोजले जातात यूटीसीप्रमाणे, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेप्रमाणे, आणि तिथली मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, माझा कोडही जवळपास तसाच चालला होता.

उपाय सोपा : आधी १९,८०० सेकंद (म्हणजे साडेपाच तास) मिळवा, बाकी काढून टाका, मग १९,८०० परत वजा करा. तासाच्या रिपोर्टलाही हेच करावं लागतं, नाहीतर तास साडेचार ते साडेपाच असे पडतात. पंधरा मिनिटांचे गट मात्र काही न करता बरोबर येतात, त्यामुळे चूक लपून राहते.

पण ही बेरीज भारतापुरतीच. न्यूयॉर्कमध्ये घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं, तेव्हा एखादा दिवस २३ तासांचा, एखादा २५ तासांचा. तिथे हाताने गणित करू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेळ दिवस-आठवड्याच्या सुरुवातीला कापणारं डेट-ट्रंक हे फंक्शन आहे, आवृत्ती १२ पासून त्याला तिसरं मूल्य म्हणून 'एशिया/कोलकाता' असा टाइमझोन देता येतो. जावा भाषेत इन्स्टंट (टाइमझोन नसलेला क्षण) थेट दिवसावर कापलात तर पुन्हा यूटीसीचाच दिवस मिळेल. आधी त्याचा झोन्डडेटटाइम (टाइमझोनसकट वेळ) करून घ्या.

आठवड्याची तऱ्हा वेगळीच. सेकंदांना सात दिवसांनी भागलं तर आठवडा गुरुवारी सुरू होतो, कारण १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. डेट-ट्रंकचा आठवडा सोमवारचा. साहेबांना रविवारपासून हवा असेल तर आधीच विचारून घ्या.

आणि जन्मतारखा! १९७० आधीचे सेकंद ऋण असतात. जावामध्ये बाकीही ऋण येते, म्हणून ती वजा केल्यावर तारीख मागे न जाता पुढच्या दिवसावर जाते. तिथे फ्लोअरमॉड हे फंक्शन वापरा, ते बाकी ऋण येऊ देत नाही. पायथन भाषेत बाकी धनच येते, त्यामुळे ही अडचण येत नाही.

काकांचा रिपोर्ट दुरुस्त झाला. तेव्हापासून माझ्या टेस्टमधली पहिली नोंद पहाटे पावणेपाचचीच असते.