कड्यावर झाडाला, कातळाला स्लिंग लावताना

स्लिंग म्हणजे दोर अडकवण्यासाठी वापरायचं पट्टीचं वळं. शिवलेल्या स्लिंगच्या लेबलवर २२ केएन (किलोन्यूटन) छापलेलं असतं. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार, म्हणजे ही झाली सव्वादोन टनांची ताकद. पण हा आकडा स्लिंग दोन गुळगुळीत दांड्यांवर सरळ ताणून काढलेला असतो. कड्यावर ती तशी कधीच ताणली जात नाही.

बुंध्यामागून स्लिंग फिरवून दोन्ही टोकं एका लॉकिंग कॅराबिनरमध्ये (पक्क्या बंद होणाऱ्या धातूच्या कडीत) घेतली, तर भार चार पदरांवर जातो. ही सगळ्यात मजबूत पद्धत. एका टोकातून दुसरं टोक ओवून फास घातला की पट्टी स्वतःलाच चावते. ताकद किमान एक तृतीयांशानं कमी धरावी. फासाचा फायदा एवढाच, की स्लिंग बुंध्यावर सरकत नाही. तो घालायचाच असेल तर टोक फासातून सहज जिकडे पडतं तिकडेच ओढ येऊ द्यावी. ते उलट मागे वळवून ओढलं की फासाच्या जागी कप्पीसारखा जादा ताण येतो.

स्लिंग आखूड पडली की तिच्या दोन बाजूंमधला कोन वाढतो. ६० अंशांत प्रत्येक बाजूवर भाराच्या ५८ टक्के येतात, ९० अंशांत ७१ आणि १२० अंशांत पूर्ण १००. म्हणून ६० अंशांच्या आत राहावं. २० सेंटिमीटर जाडीच्या खोडाचा घेर ६३ सेंटिमीटर भरतो, त्याला १२० सेंटिमीटर लांबीची स्लिंग पुरते. खोड ४० सेंटिमीटरचं असेल तर २४० सेंटिमीटरची लागते. तिथे १२० ची ओढूनताणून बसवू नये.

गाठ मारून स्लिंग केलेली टेप (चपटी पट्टी) वापरत असाल तर टेप नॉटची, म्हणजे तिची टोकं जोडणाऱ्या गाठीची, शेपटं किमान ८ सेंटिमीटर ठेवा आणि अंगाचा भार देऊन गाठ आवळा. ही गाठ भार येत-जात राहिला की हळूहळू सरकते, म्हणून दर वेळी तपासायची. डायनीमा (स्लिंगचा एक कृत्रिम धागा) गुळगुळीत असतं, त्याची टेप गाठ मारून वापरू नये. शिवाय ते १४५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, नायलॉन २०० च्या वर. घर्षणाची उष्णता मात्र दोघांनाही पुरून उरते: रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून खाली उतरण्याचा दोर थेट स्लिंगमधून ओवला आणि खालून ओढून काढला, तर स्लिंग वितळून कापली जाते. मध्ये मेलॉन (स्क्रूनं बंद होणारी कडी) किंवा कॅराबिनर हवाच.

आता झाड. सह्याद्रीत माथ्यावर दाट दिसते ती कारवी. ते झुडूप आहे आणि ७ वर्षांनी फुलून वाळतं. तिच्या जुडग्याला अँकर (दोर बांधायचा भक्कम आधार) समजू नये, निवडुंगालाही नाही. झाड जिवंत, किमान १५ सेंटिमीटर जाड आणि मुळं मातीच्या पातळ थराखाली कातळात शिरलेली हवीत. एकानं खोड जोरात ढकलावं, दुसऱ्यानं बुडाशी नजर ठेवावी. माती हलली, भेग उघडली, तर झाड सोडा. फटीत वाढलेला उंबर किंवा पिंपळ स्वतः पक्का असतो, पण मुळांनी आजूबाजूचा खडक सुटा केलेला असू शकतो. स्लिंग अगदी बुडाशी लावा. जितकी वर, तितकी मुळांवर पहार मारल्यासारखी तरफ.

कातळाच्या बाबतीत आपला बेसॉल्ट फसवा. थरांमधली लाल मुरमाड पट्टी हातानं सुटते, आणि उभ्या भेगांनी वेढलेला ठोकळा कड्याचाच भाग वाटतो. हातोडीनं ठोका: ठणठणीत आवाज आला तर पुढे बघू, बद्द आला तर नाही. एक घनमीटर बेसॉल्ट जवळपास ३ टनांचा भरतो, पण तोच धोंडा घसाऱ्यावर बसला असेल तर वजन काय कामाचं? शिंगासारख्या सुळक्यावर स्लिंग फक्त खालच्या ओढीला टिकते; दोर वर उचलला की निसटते. त्यामुळे लांब स्लिंग वापरा आणि खाली वजन अडकवा. फटीत अडकलेल्या दगडामागून ओवताना फट ओढीच्या दिशेनं अरुंद होतेय ना, एवढं बघा. धारेवर टेपखाली जुनी होज पाइप घाला.

किल्ल्यावर तटाच्या चिऱ्यांना, खांबांना स्लिंग लावू नये. चिरे सुटे असतात, आणि अनेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत.

आधीच लटकलेली फिकट, कडक झालेली स्लिंग दिसली तर ती कापून खाली आणा. ऊन-पावसात ती किती कुजली आहे हे बघून कळत नाही. एक दणकट झाड सोडलं तर प्रत्येक अँकरला दुसरा, वेगळ्या दगडावरचा जोडीदार द्या, आणि पहिला निघाला तरी दुसऱ्यावर हिसका येणार नाही इतकी ढील कमी ठेवा.